साडूंची अदलाबदल

दोरीला बांधलेली शिट्टी.

साबणाच्या वडीएवढा सिमेंटचा ठोकळा. स्लॅब ओतण्याआधी सळयांच्या जाळीखाली असे ठोकळे सरकवतात, म्हणजे सळई फळीला टेकत नाही आणि काँक्रीट तिच्या खालीही शिरतं.

सासऱ्यांकडे थोरल्या जावयाची खुर्ची पंख्याखाली, धाकट्याची दाराशी, चपलांच्या शेजारी.

मिक्सरची गाडी उभी राहिली तरी तिचं पोट फिरतच असतं.

"आज एक दिवस," प्रशिक्षणाच्या मॅडम म्हणाल्या, "फोरमन इन्स्पेक्टर होतील आणि इन्स्पेक्टर फोरमन. एकमेकांच्या जागी उभं राहून बघा."

फोरमन म्हणजे धाकटा जावई, अजून हंगामी. इन्स्पेक्टर म्हणजे थोरला. दोन सख्ख्या बहिणींचे नवरे, एकाच साइटवर. आजवर थोरल्यानं चष्म्यावरून बघत धाकट्याचं काम कितीदा नापास केलं होतं, त्याला गणती नव्हती. फोरमनला कायम करायचं की परत सळया बांधायला पाठवायचं, हे मॅडम संध्याकाळी ठरवणार होत्या. एवढं डोक्यावर असूनही त्याला आतून गुदगुल्या होत होत्या. साडूची शाळा घ्यायला मिळणार होती.

पदक घालावं तशी त्यानं साडूच्या गळ्यात शिट्टी घातली. "फुंका की, साडूभाऊ."

इन्स्पेक्टरनं फुंकली. नुसती हवा गेली. "जरा ते काँक्रीट बसवायचं व्हायब्रेटर वर आणता का? म्हणजे, सवडीनं."

"सवडीनं आणतो," सळईवाला म्हणाला आणि बसून राहिला.

फोरमन दोन-दोन पायऱ्या टाकत जिना चढला. मॅडम मागोमाग. पहिल्या तुळईपाशी त्यानं घसा खाकरला, अगदी साडूसारखा. "ही जाळी आहे की केसांचा गुंता?" टोळी खिदळली. "आणि फळीवर भुसा. नापास."

"भुसा तुमच्याच बुटातून पडला," सुतार म्हणाला.

"आज मी पाडत नाही. आज मी फक्त बघतो."

खालून साडूचा आवाज आला, "अहो, गेटवर गाडी आलीय. आटपा."

"घाई नको, फोरमनसाहेब. घाईनंच घोटाळे होतात." हे वाक्य साडूचंच, शब्द न् शब्द.

शेवटचा कोपरा जिन्यामागचा. फोरमन पोटावर आडवा झाला, गाल फळीला लावला, जाळीखालून बघितलं आणि त्याला आभाळ ठेंगणं झालं. "सापडलं. एक ठोकळा नाही. सळई फळीवर झोपलीय. कुठल्या गाढवानं बांधलं हे?"

सळईवाला आभाळाकडे बघायला लागला. सुतारानं ओठ गच्च मिटले होते, खांदे मात्र हलत होते.

"काल दुपारी," सळईवाला शेवटी म्हणाला, "ते गाढव आमच्यावरच ओरडत होतं."

टोळी पोट धरून हसली. फोरमनचा गाल फळीवरच राहिला. कालची दुपार त्याला आठवली. मॅडम पलीकडे उभ्या. खाली गाडीचं पोट गरगरतंय. एवढुसा कोपरा. पास म्हटलं की काँक्रीट सगळं झाकेल, टोळी हसून विसरेल, आणि संध्याकाळी आपण कायम. मग त्यालाच हसू फुटलं, इतकं की फळी पोटाखाली थरथरली.

"नापास," तो म्हणाला. "गाडी थांबवा. बांधणारा मीच."

धापा टाकत साडू वर आला. त्यानं कोपरा बघितला, पसरलेला फोरमन बघितला. आता हा उट्टं काढणार, असं फोरमनला वाटलं. साडूनं शिट्टी तोंडात घातली आणि अशी फुंकली की शेजारच्या छपरावरची कबुतरं उडाली. "सळईवाले, ठोकळे आणा. सुतार, पहार लावा, जाळी उचला. गाडीवाल्याला सांगा, अर्धा तास थांब. आणि इन्स्पेक्टरसाहेब, लोळताय काय? हात घाला."

या वेळी सगळी टोळी हलली. साहेबांनी हात घातला.

संध्याकाळी मॅडमनी त्याला आणखी तीन महिने हंगामीच ठेवलं. "कारण सांगू?"

"नको. कोपरा मीच बघितलाय."

परतताना साडूच्या स्कूटरवर मागे बसून तो अख्ख्या रस्त्यानं शिट्टी फुंकत होता. साडू दर वळणावर म्हणत होता, "सवडीनं, साहेब, सवडीनं." हसून हसून गाडी दोनदा थांबवावी लागली.

आदल्या दुपारी ठोकळे संपले, तेव्हा फोरमन टोळीला म्हणाला होता, "राहू द्या तेवढा कोपरा. साडूंची कंबर धरलीय, ते काही वाकून बघणार नाहीत."