शनिवारचं गाऱ्हाणं

आचऱ्याजवळच्या एका जिल्हा परिषद शाळेत खेळाचं सामान ठेवायची खोली रिकामी करून रंगवली आणि दारावर पाटी लावली : 'मन मोकळे करण्याची खोली'. आत दोन खुर्च्या, एक चटई आणि टेबलावर प्लॅस्टिकची फुलं. वर्गशिक्षिका नर्मदाबाई रोज मधल्या सुट्टीत तिथे जाऊन बसत. पहिल्या आठवड्यात एक शेळी येऊन गेली. तिने फुलं चाखून पाहिली आणि काही न बोलता निघून गेली.

मुलं येत नव्हती, कारण खोली रस्त्याला लागून होती. सलोनी पेन शोधायला नुसती आत डोकावली, तर दुपारी मासळीबाजारात तिच्या आईला विचारणा झाली, "गो, चेडवाच्या डोक्याक काय झाला?"

बाईंचा जीव टांगला होता तो सहावीतल्या गौरजासाठी. आधी ही पोर कावळ्याला बोलू देत नसे. मागे एकदा तिच्या बाबांची होडी वादळात अडकून फार उशिरा परतली, तेव्हापासून तिचं तोंड मिटलं. वारा सुटला की ती शाळेतच यायची नाही. विचारलं तर एकच उत्तर, "काय नाय बाई." घरचे म्हणू लागले होते, हिला शाळा नकोच असेल तर दिवाळीनंतर नाव काढू.

एका दुपारी शाळेच्या अंगणातल्या उंडीच्या झाडाखाली गलका ऐकून बाई तिकडे गेल्या. गावात काहीही असो, देवासमोर नारळ ठेवून एक जण सगळ्यांच्या वतीने गाऱ्हाणं घालतो आणि बाकीचे 'व्हय महाराजा' म्हणत त्याला साथ देतात. वर्गातल्या विराजचे आजोबा गावाचं गाऱ्हाणं घालत. आज नातू कंपासपेटीलाच नारळ समजून उभा होता.

"बा देवा महाराजा, ह्या लेकरांनी आज गणिताचो गृहपाठ करूक नाय."

"व्हय महाराजा."

"तर बाईंका तो तास इसरूंदे रे महाराजा."

"व्हय महा..." पुढचं पोरांच्या घशातच राहिलं. बाई मागे उभ्या होत्या.

"बाई, ता खेळ व्हतो," विराज पुटपुटला.

"थांबलास कशाक? पुरा कर."

गणिताचा तास बाई काही विसरल्या नाहीत. पण तासभर त्यांच्या डोक्यात ते गाऱ्हाणंच घोळत राहिलं. गाऱ्हाण्याला कुणी हसत नाही, 'असं का?' म्हणून कुणी खोदत नाही. आणि दुखणं एकाचं असलं तरी बोलणारं तोंड दुसऱ्याचं चालतं.

त्यांनी पाटी काढली. शनिवारी शाळा सुटताना मधोमध खरा नारळ ठेवून सगळे उंडीखाली बसले. ज्याला काही सांगायचं, त्याने विराजच्या कानात सांगावं; विराज ते नाव न घेता मांडेल.

"आणि ह्येना नाव फोडला तर?" तन्वीने विचारलं.

"आजो म्हणता, गाऱ्हाण्यात चहाडी केली तर नारळ नासको निघता," विराज म्हणाला.

खोबरं सगळ्यांनाच हवं होतं. विषय मिटला.

पहिल्यांदा बाईच त्याच्या कानाशी वाकल्या. विराजने खाकरून सुरुवात केली, "बा देवा महाराजा, एका माणसान नवी स्कूटर घेतली हा. पण बसाक भीती वाटता, म्हणान ता माणूस ती ढकलत शाळेत आणता. तेची भीती काढ रे महाराजा."

हे माणूस कोण, ते शेळीलाही ठाऊक होतं. तरी सगळे गंभीरपणे म्हणाले, "व्हय महाराजा."

मग कुणाची परीक्षेची भीती आली, कुणाच्या घरातली भांडणं आली. गौरजा मात्र गुडघ्यात तोंड घालून बसायची. तिसऱ्या शनिवारी ती उठली आणि विराजच्या कानात बराच वेळ बोलली. विराजचा आवाज आपोआप खाली आला.

"वारो सुटलो की एका लेकराक वाटता, आपण दर्यार नजर ठेवली नाय तर बापूस परत येवचो नाय. म्हणान ता लेकरू किनाऱ्यार जावन बसता. महाराजा, ती राखण तू कर, आणि त्या लेकराक सुटी दी."

"व्हय महाराजा."

मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "माझा पण तसाच आसा." आणखी एक आवाज आला, "माझा पण." गौरजाने मान वळवून पाहिलं.

तालुक्याहून महिन्यातून एकदा येणाऱ्या समुपदेशक तेजस्वी मॅडम त्या दिवशी खोलीत गेल्याच नाहीत. गौरजा आणि 'माझा पण' म्हणणाऱ्या त्या दोघांबरोबर उंडीखाली खोबरं खात बसल्या. मग मासे घ्यायच्या निमित्ताने गौरजाच्या घरी जाऊन आल्या. ठरलं असं, की होडी किनाऱ्याला लागली की बाबांनी बाईंच्या फोनवर एक मिस्ड कॉल द्यायचा.

त्यानंतरचा एक शनिवार वाऱ्याचा निघाला. उंडीची पानं अंगणभर पळत होती. बाईंची नजर सारखी फाटकाकडे जात होती. घंटा झाली आणि गौरजा आली, केस पार विस्कटलेले.

शाळा सुटताना मात्र वेगळीच पंचाईत झाली. विराजने आदल्या दिवशी बर्फाचे गोळे खाऊन घसा बसवून घेतला होता. तो नुसता गळ्याकडे बोट दाखवत राहिला. पोरं एकमेकांकडे बघू लागली.

गौरजा उठली. आधी तिचा आवाज वाऱ्यातच गेला. मग तिने पुन्हा सुरुवात केली.

"बा देवा महाराजा, ह्या विराजाक गोळे नाय खावची अक्कल दी."

"व्हय महाराजा."

"वारो आसा, तरी हय शाळेत येवन बसली हत त्या लेकरांका बळ दी."

"व्हय महाराजा."

"आणि त्या स्कूटरवाल्या माणसाक आता तरी गाडयेर बसव. ढकलून ढकलून तेची चप्पल झिजली रे महाराजा."

या वेळी सगळ्यात मोठा आवाज बाईंचा होता.

तेवढ्यात त्यांच्या पर्समधला फोन एकदा वाजला आणि थांबला. गौरजाने नारळ विराजच्या हातात दिला.

"फोड बेगीन," ती म्हणाली. "माका भूक लागली हा."