चौसष्ट गुणांची दलदल

मी गिरमिट बोलतोय. सुतार ज्यानं लाकडाला भोकं पाडतो तो नव्हे, मी जमिनीत उतरणारा. चार फुटी लोखंडी दांडा, वर आडवी लाकडी मूठ आणि खाली वाटीसारखं पोकळ टोक. मूठ धरून फिरवलं की मी मातीत शिरतो आणि वर येताना थोडी माती घेऊन येतो. खाली काय आहे ते वर आणून दाखवायचं, एवढंच माझं काम.

एका लेथवाल्यानं मला घडवलं. “सरकारी माल आहे, वाकता कामा नये,” असं म्हणत त्यानं मला तीनदा दगडावर आपटून पाहिलं. मी वाकलो नाही. मग पाणथळ जागांच्या खात्यात आलो आणि दोन वर्षं कपाटात पडून राहिलो. कारण ज्या नियमांसाठी मला विकत घेतलं होतं, ते नियमच अजून तयार व्हायचे होते.

ते झाले तेव्हा साहेबांनी सगळ्यांना बोलावून वाचून दाखवले. पाणथळ जागांचे तीन वर्ग. पहिल्या वर्गाला कुणी हात लावायचा नाही. दुसऱ्याला विचारून, अटी पाळून लावायचा. तिसऱ्या वर्गात नुसतं कळवलं की झालं. वर्ग ठरणार गुणांवर. माती, पाणी, झाडोरा, पक्षी मिळून शंभर गुण. साठ किंवा वर गेले तर पहिला वर्ग, तिसाच्या खाली आले तर तिसरा, मधले सगळे दुसऱ्यात.

मातीचे गुण माझ्याकडे होते. एका फुटाच्या आत माती करडी निघाली, मुळांच्या कडेनं गंजासारख्या तांबूस रेघा दिसल्या, की समजायचं, इथे पाणी मुक्काम करतं. वरून जमीन कोरडी ठणठणीत असली तरी आतली माती खोटं बोलत नाही. कागदाचं तसं नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

मला हाताळायच्या त्या तपासणी अधिकारी बाई. ऑफिसात त्यांना पाठीमागं ‘चिखलबाई’ म्हणत, कारण जिन्यावरून येताना त्यांच्या बुटांचे ठसे टेबलापर्यंत यायचे आणि झाडूवाला दिवसभर कुरकुरायचा. बाई ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या. मला मात्र रोज कापडानं पुसून, तेलाचा हात फिरवूनच त्या घरी जायच्या.

आमचं पहिलं मोठं काम शहराच्या टोकाला, गोदामांच्या मागच्या दलदलीत निघालं. गेलो तेव्हा दोन बायका गुडघाभर पाण्यात लव्हाळे कापत होत्या. दोघी जावा. लव्हाळे वाळवून त्या चटया विणायच्या आणि त्यावरच दोन्ही घरं चालायची. थोरली मोजकं बोलणारी. धाकटीच्या तोंडाला मात्र खळ नव्हता.

“काय शोधताय बाई? पाइप टाकणार की काय?” धाकटीनं विचारलं.

“नाही हो. ही जागा वाचवायची म्हणून तपासतेय. चांगले गुण मिळाले तर इथे कुणाला भराव टाकता येणार नाही.”

धाकटी हसली. “ऐकलंत का ताई? आपली दलदल परीक्षेला बसलीय.”

थोरली विळा खांद्याला लावून आमच्याकडे आली. “मग इथे नका भोक पाडू. इथे जुना राडारोडा पडलाय. माझ्या मागं या.” तिनं मला बाईंच्या हातातून सरळ काढून घेतलं आणि पुढं चालू लागली. “हा झरा बघा, कधी आटत नाही. सासूबाईंनी दाखवला होता. आणि त्या बेटात पक्ष्यांची घरटी आहेत, तिथलं आम्ही कापत नाही.”

तीन दिवसांत एकवीस भोकं पाडली. एकवीसही ठिकाणी माती करडी. घरटी अकरा मोजली. चौसष्ट गुण पडले, पहिला वर्ग मिळाला. दलदलीवर तसा फलक लागला त्या दिवशी बाईंनी सगळ्या ऑफिसला चहा पाजला आणि झाडूवाल्यालासुद्धा बोलावून दिला.

पुढच्या मोसमात दोघी जावा ऑफिसात आल्या. थोरलीच्या हातात विळा नव्हता. दलदलीवर नेमलेल्या पहारेकऱ्यानं तो काढून घेतला होता.

“बाई, तुम्ही तर म्हणालात जागा वाचवायची,” थोरली म्हणाली. “ती वाचली. आम्हाला मात्र आत पाऊल ठेवू देत नाहीत.”

बाईंनी नियमांचं पुस्तक उघडलं. पहिल्या वर्गात कुठलीही वनस्पती कापायला बंदी होती. कोण कापतं, किती कापतं, कशासाठी कापतं, याला तिथे जागाच नव्हती. पिढीजात वापराची सवलत होती, पण ती दुसऱ्या वर्गात. बाईंनी पानं पुढं उलटली, मागं उलटली. नियम काही हलला नाही.

“आमचं चुकलं काय तेवढं सांगा,” धाकटी म्हणाली. त्या दिवशी ती एवढंच बोलली.

त्या गेल्यावर बाईंनी दलदलीचा जुना तक्ता काढला. मी टेबलाला टेकून उभा होतो, म्हणून पाहिलं. फेरतपासणीच्या कागदावर त्यांनी माती होती तशीच लिहिली. पाणी तसंच लिहिलं. घरट्यांच्या रकान्याशी पेन बराच वेळ थांबलं. मग अकराच्या जागी त्यांनी चार लिहिलं. चौसष्टाचे सत्तावन्न झाले.

साहेबांनी कागदावर त्याच दुपारी सही केली. एरवी बाईंचा कागद त्यांच्या टेबलावर महिना महिना लोळायचा. हे बाईंच्या लक्षात यायला हवं होतं, पण त्या आनंदात होत्या. दोघी जावांना परवाना मिळाला. त्या वर्षी त्यांनी पोटभर लव्हाळे कापले आणि बाईंना एक चटई आणून दिली. बाईंनी ती घेतली नाही. “नियमात बसत नाही,” म्हणाल्या आणि आपल्याच शब्दाशी अडखळल्या.

पुढच्याच वर्षी गोदामवाल्यांचा अर्ज आला. दुसऱ्या वर्गातल्या जागेवर भराव टाकायला परवानगी मिळू शकत होती. अट एवढीच की दुसरीकडे तेवढीच पाणथळ जागा तयार करून द्यायची.

बाई साहेबांपुढं जाऊन उभ्या राहिल्या. “साहेब, ती जागा पहिल्या वर्गाचीच आहे.”

“मग खाली कुणी आणली?” साहेबांनी कागद त्यांच्यापुढं सरकवला. “सही तुमची आहे. आता काय सांगू मी, आमच्या बाईंनी घरटी खोटी मोजली म्हणून? नोकरी जाईल तुमची. आणि नोकरी जाऊनही भराव पडायचा तो पडेलच.”

बाईंनी तरीही लेखी कबुली दिली. साहेबांनी ती फाइलला लावली आणि शेरा मारला, ‘मुदतीनंतर प्राप्त.’ वर्ग बदलायची मुदत उलटून गेली होती. परवानगीत अकरा अटी घातल्या. त्यातल्या एका अटीनुसार, भराव टाकताना पक्ष्यांना त्रास होणार नाही याची काळजी घ्यायची होती.

थोरलीला सांगायला बाई स्वतः तिच्या घरी गेल्या. मी त्यांच्या खांद्यावर होतो. दाराशी उभ्या राहूनच त्यांनी काय लिहिलं, का लिहिलं, सगळं सांगितलं.

थोरली ओल्या लव्हाळ्याची पेंढी सोडत होती. तिचे हात थांबले. “म्हणजे आमच्यासाठी केलंत.”

“हो.”

“मग मी तुम्हाला बोल तरी कसा लावू, बाई?” ती म्हणाली आणि पुन्हा पेंढीला लागली. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बाईंना सोपं गेलं असतं.

महिनाभर ट्रक येत राहिले. बदली जागा म्हणून दूरच्या माळावर एक खड्डा खणून त्यात प्लास्टिक अंथरलं होतं. मला त्याच्या काठाशी रोवलं. वीतभर पिवळी भुसभुशीत माती लागली आणि मग खडक. बाईंनी तसंच लिहिलं. वरून उत्तर आलं की जागेला पाणथळ व्हायला पाच वर्षं द्यावीत.

आता दलदलीवर गोदाम आहे. धाकटी तिथे फरशी पुसते. थोरली कुठेच जात नाही. गेल्या आठवड्यात बाई मला घेऊन गोदामाच्या मागच्या अंगणात गेल्या. कुणी सांगितलं नव्हतं, कुठला कागदही नव्हता. त्यांनी मूठ धरली आणि फिरवू लागल्या. विटा, काच, पुन्हा विटा. भराव नऊ फुटांचा आहे आणि मी चार फुटांचा. करड्या मातीपर्यंत मी पोचणार नव्हतो, हे त्यांना माझ्याआधी ठाऊक होतं. तरी त्या फिरवत राहिल्या आणि माझं टोक तुटलं.

हल्ली वर्ग ठरवायला कुणी चिखलात जात नाही. वरून काढलेल्या छायाचित्रावर रंग भरतात, काम तासाभरात होतं. माझं काही मागणं उरलेलं नाही. तरी तुमच्या घराजवळ अशी जागा असेल तर तिचे गुण किती ते विचारू नका, ते बदलतात. एकदा हात घालून माती वर काढा आणि नीट बघून घ्या. पुढं बघायला मिळेलच असं नाही.

आज मला भंगारात काढायचा फॉर्म भरला. ‘कारण’ या रकान्यात बाईंनी लिहिलं, ‘खाली जमीन राहिली नाही.’ साहेबांनी ते खोडलं आणि वर लिहिलं, ‘टोक तुटले.’