जंतूंची कात्री बोथट झाली तेव्हा

मित्रांनो, प्रयोगशाळेच्या कोपऱ्यातले, झाकणाला दोन ठिकाणी चिकटपट्टी लावलेले जुने रंगमापक यंत्र म्हणजे मी. नळीतून प्रकाश सोडायचा आणि आतल्या पाण्याचा रंग किती बदलला ते अचूक सांगायचे, हे माझे काम.

आमच्या संशोधक बाई हट्टाला पेटल्या होत्या. काही जंतूंकडे एक विकर असते, म्हणजे एन्झाइम. आपण घेतलेल्या औषधाचे ते कात्रीसारखे तुकडे करते आणि जंतू खुशाल जगतात. ही कात्री बोथट करणारा पदार्थ बाईंना हवा होता. नळीत जंतूंचे विकर आणि कापले गेले की रंग बदलणारे औषध असे. ते पिवळे पाणी लाल झाले, की समजायचे, कात्री चालली. पिवळेच राहिले, तर आपण जिंकलो!

तीन वर्षे मी नुसते लाल पाहिले. प्रयोगशाळेचे प्रमुख, मोठे सर, शेवटी म्हणाले, "बाई, आता पुरे. महिनाअखेर हे काम बंद." बाईंनी पुढची नळी ठेवली.

चारशे बारावी नळी पिवळीच राहिली.

"यंत्र म्हातारं झालंय, काहीतरी बरळतंय," सर म्हणाले. हे मात्र माझ्या जिव्हारी लागले.

दुरुस्तीवाल्या काकांनी मला उघडले, पुसले, नवा दिवा बसवला. "सर, खोटं बोलणं याला जमतच नाही," ते म्हणाले. मग सरांनी स्वतः दोन नळ्या ठेवल्या. पदार्थ न घातलेली लालभडक झाली. पदार्थ घातलेली पिवळीच! त्यांनी दहा वेळा करून पाहिले आणि कपाळावर हात मारून घेतला. "बाई, मी हरलो. काम चालू ठेवा!" काकांनी माझ्या पाठीवर अशी थाप मारली, की आकडेच हलले.

पुढे नऊ वर्षे तपासण्या चालल्या. नवी यंत्रे आली, मी कपाटावर गेलो. माझ्यावर बोटभर धूळ बसली.

एके दिवशी बाई एका बसचालकाला घेऊन आल्या. त्याच्या पायाची जखम आधी कोणत्याच औषधाला दाद देत नव्हती. पाय कापावा लागेल, असे डॉक्टर म्हणाले होते. मग जुन्या औषधाला आमच्या पदार्थाची जोड मिळाली होती आणि जखम भरली होती.

"ह्या डब्यानं वाचवला होय माझा पाय?"

"अहो, डबा काय म्हणता! सगळ्यात आधी यालाच कळलं होतं."

त्याने स्वतःच्या रुमालाने मला पुसले. मग लिफ्ट सोडून चार मजले जिन्याने धडाधड उतरला. ती पावले मी शेवटपर्यंत ऐकली. अभिमानाने माझा ऊर भरून आला.

मित्रांनो, जंतू गप्प बसणारे नाहीत; अर्धवट औषधातून जे वाचतात, ते नवी कात्री घडवतात. म्हणून औषध स्वतःच्या मनाने घेऊ नका, आणि डॉक्टरांनी दिलेले अर्धवट सोडू नका. लढाई आम्ही जिंकून दिली आहे. ती जिंकलेली राखणे आता तुमच्या हाती आहे.