मस्कतला जाऊन आलेला माणूस

मला न विचारता माझा पासपोर्ट गुलमंडीतल्या एका माणसाच्या टेबलाच्या खणात जाऊन पडला होता, आणि मला ते कळलं आठ दिवसांनी. तेही संक्रांतीसाठी तीळ निवडत बसले असताना.

"बाने, आपल्या दोघांचे आन् पोरीचा, तिन्ही पासपोर्ट काकासाहेब एजंटाकडं दिलेत मी," सूर्यभान म्हणाले. "मस्कतचं काम झाल्यात जमा हाय. परवा तेरा तारखेला सह्या करायला जायचंय."

सूर्यभान म्हणजे माझा नवरा. मी तोंडाने त्यांचं नाव घेत नाही, पण लिहायला काय हरकत आहे? सतरा वर्षं यंत्रावर घासलेला, डोळे झाकून लेथ चालवील असा कारागीर. वाळूजच्या कारखान्यात त्यांच्या हाताखाली शिकलेली पोरं त्यांच्यावर साहेब होऊन बसली, कारण त्या पोरांकडे डिप्लोम्याचा कागद होता आणि यांच्याकडे नव्हता. हे दुःख ते कधी बोलून दाखवत नसत. मस्कतचा पाइपांचा कारखाना त्यांना थेट फोरमन करणार होता.

"आणि मला आत्ता सांगताय?" मी तिळाचं ताट बाजूला सरकवलं.

"सांगणारच होतो. तिथं टॅक्स म्हणून एक पैसा कापत नायत, बाने. घर कंपनीचं, पेट्रोल पाण्याच्या भावात. इथं काय हाय? ओव्हरटाइम करावा तर सरकार कापून घेतं. आन् आठ दिवस झाले बघ, धड बस नाय, बाजार नाय. एका नावापायी सोळा वर्षं भांडतंय हे गाव."

ते शेवटचं वाक्य मला मुळीच आवडलं नाही. त्यांच्या शेजारच्या यंत्रावरचे पुंडलिकभाऊ, त्यांचाच जिवलग, त्यांनाही काकासाहेबांनी मस्कतचं विचारलं होतं. पुंडलिकभाऊ म्हणाले होते, "अठ्ठ्याहत्तर साली आमचं घर जळालं, तवापासून विद्यापीठाच्या त्या कमानीवर बाबासाहेबांचं नाव बघायला थांबलोय. आता इतक्या जवळ आलंय तर मी मस्कतला जाऊ व्हय?" नामांतर संक्रांतीला जाहीर होणार अशी बोलवा होती. कुणी दारात निळे झेंडे शिवत होतं, कुणी दाराला आतून कड्या घालत होतं, आणि चौकाचौकात पोलिसांच्या गाड्या उभ्या होत्या.

माझीही एक गोष्ट दोन आठवड्यांवर आली होती. चिकलठाण्यात टीव्ही जोडायच्या कारखान्यात मी आठ महिने सोल्डरिंग करत होते. महिनाअखेर पर्मनंटच्या यादीत माझं नाव लागणार होतं. पिशोरच्या मेंढपाळाची सून, दहावी पास, स्वतःच्या सहीने पगार उचलणारी. हे सगळं सूर्यभानना ठाऊक होतं. तरी विचारलं नाही. आग लागली माझ्या अंगाला. पण मी भांडले नाही, त्याहून वाईट केलं. कांद्याच्या ट्रकवाल्याबरोबर पिशोरला सासऱ्यांना निरोप धाडला, 'आप्पा, लगोलग या.' वाटलं, आप्पा नाही म्हणतील आणि माझ्या अंगावर काही येणार नाही. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवायची सवय वाईट, पण मला ती होती.

आप्पा बारा तारखेला दुपारी आले. एसट्या बंद, म्हणून कपाशीच्या गाडीवर बसून आले होते. खांद्यावर घोंगडी, डोक्याला लाल पटका. त्यांनी पाणी घेतलं, नातीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"चारा असंल तिकडं जावं माणसानं," आप्पा म्हणाले.

मी ज्या खांद्यावर बंदूक ठेवली होती, तोच सरकला. सूर्यभान तर एकदम दहा वर्षांनी लहान दिसायला लागले.

"पण पुढं कोण जाऊन आलंय?" आप्पांनी विचारलं.

ही आमच्या वाड्याची जुनी रीत. वाडा म्हणजे मेंढरं, माणसं, घोडी, कोंबड्या, सगळा फिरता संसार. नव्या मुलखात वाडा हलवायचा तर आधी एक माणूस पुढे जातो, पाणी बघतो, गवत बघतो आणि परत येऊन सांगतो. तो परत आल्याशिवाय कुणी जागचं हलत नाही.

"काकासाहेबांनी शंभर माणसं धाडलीत, आप्पा."

"मंग उद्या त्यांनाच इचारू," आप्पा म्हणाले. "आन् पासपोर्ट दिल्याची पावती?"

 सूर्यभान हळूच म्हणाले, "ठेव म्हणून दिले. ठेवीची पावती मागत्यात व्हय?"

आप्पांनी मान डोलावली, आणि मला त्या दोघांचा एकदम राग आला. उन्हाळ्यात कुणब्याच्या रानात खतासाठी मेंढरं बसवतात, तेव्हा म्होरक्या मेंढ्याच्या गळ्यातली घंटा त्या कुणब्याच्या घरी ठेव म्हणून ठेवतात. ठरलेल्या रात्री पुऱ्या करू, याची ती खूण. पण ठेव मागितली की त्याच घडीला परत द्यायची, कारण विचारायचं नाही. आजवर एकाही कुणब्याने ती अडवली नव्हती, म्हणून बापलेकांना वाटलं की जग असंच चालतं. गुलमंडीतल्या एजंटाला पासपोर्ट देऊन पावती न मागणारा शहाणा आमच्याशिवाय दुसरा कुठला असणार!

तेरा तारखेला मुलीला शेजारी आवडाबाईंकडे ठेवलं आणि आम्ही तिघं निघालो. पाच वाजता दुकानं बंद करा, असा पोलिसांचा हुकूम होता. आम्ही गुलमंडीत पोचलो तेव्हा चार वाजले होते आणि अर्धी शटरं तेव्हाच खाली आली होती. कापडवाले गठ्ठे आत ढकलत होते, कुणी कुणाशी जास्त बोलत नव्हतं. एक शिपाई काठी आपटत म्हणाला, "चलो, जल्दी निपटाव." काकासाहेबांचं ऑफिस कापडाच्या दुकानावर होतं. अरुंद जिना, वर एक टेबल, भिंतीवर समुद्रकाठच्या शहराचं चित्र.

काकासाहेब गोड माणूस. साखरेचं पोतंच. त्यांनी आप्पांना खुर्ची दिली, चहा सांगतो म्हणाले, पण सांगितला नाही. मग फॉर्म पुढे सरकवले आणि मस्कतचं वर्णन करून सांगायला लागले. टॅक्स नाही. दंगा नाही. कर्फ्यू नाही. स्वच्छ रस्ते, स्वस्ताई.

माझ्या फॉर्मवर एक शब्द मला अडला. "इथं काय लिहिलंय?" मी विचारलं.

"डिपेंडंट. म्हणजे आश्रित. पतीवर अवलंबून. तुम्हाला तिथं काम करता येणार नाही ताई, पण करायचंय कशाला? राणीसारखं राहायचं."

आठ महिने धुरात डोळे जाळून मी जे कमावलं होतं, ते या माणसाने एका शब्दात पुसून टाकलं. मी सूर्यभानकडे पाहिलं. ते फॉर्मकडे बघत होते.

"साहेब," आप्पा म्हणाले, "तिथं जाऊन आलेला माणूस दाखवा एखादा."

"अहो, शंभर जण गेलेत आजोबा! हे बघा फोटो."

"गेलेले नका सांगू. आलेले दाखवा."

काकासाहेब हसले. "येतील कशाला? इतकं सुख सोडून?"

"सुखात असलेला माणूस बी संक्रांतीला, लग्नाला येतो की. एक बी नाय?"

काकासाहेबांचं हसू अर्धंच राहिलं. एकाचा पत्ता सांगतो म्हणाले, मग तो लासूर स्टेशनला राहतो म्हणाले, मग म्हणाले की तो सध्या बाहेरगावी आहे. खाली कुणीतरी शटर जोरात ओढलं आणि आम्ही सगळेच दचकलो.

"तिथनं मनात आलं तर परत निघता येतं का?" आप्पांनी विचारलं.

"दोन वर्षांचा करार असतो. तोवर पासपोर्ट कंपनीकडं. सगळ्यांचाच असतो, त्यात काय?"

 आप्पांनी दोन्ही हात पुढे केले, जसे ते रानाच्या मालकापुढे करतात. "आमची ठेव द्या."

"कसली ठेव?"

"पासपोर्ट द्या. मंग काय ते ठरवू."

"ते मुंबईला गेले हो. व्हिसासाठी. आता माघार घेतली तर खर्च भरावा लागेल, आणि पासपोर्ट यायला दोन-तीन महिने."

मी सूर्यभानकडे पाहिलं.  "काकासाहेब, परवा तर तुम्ही म्हणलात, सह्या झाल्यावर मुंबईला धाडू," ते म्हणाले.

"परवाची गोष्ट वेगळी."

"ठेव मागितली की देत्यात, साहेब," आप्पा पुन्हा म्हणाले. आवाज चढला नव्हता.

"आजोबा, हे तुमचं मेंढराचं रान नाही. पाचला दहा कमी आहेत. चला, उठा, मला कुलूप लावायचंय."

तेव्हा मी खाली बसले. फरशीवर, दाराच्या उंबऱ्याला टेकून, मांडी घालून. ठरवून नाही. पण बसल्यावर कळलं की हेच करायचं होतं.

"लावा कुलूप," मी म्हणाले. "आम्ही बसतो हितंच."

आप्पांनी घोंगडी अंथरली आणि माझ्या शेजारी बसले. उघड्या रानात रात्री काढलेला माणूस, त्याला गुलमंडीतली फरशी काय जड! सूर्यभान क्षणभर उभे राहिले. मग तेही बसले.

"अहो, पोलीस येतील! वर माणसं दिसली तर मला आत टाकतील!"

"येऊ द्या," मी म्हणाले. "आले की त्यांनाच विचारते, आमचे पासपोर्ट कुठल्या गाडीनं मुंबईला गेले. गाड्या तर आठ दिवस धड चालत नाहीत."

हे माझ्या तोंडून कसं निघालं, देव जाणे.  खालून शिट्टी वाजली. "ऊपर कौन है? बंद करो!" जिन्यावर बुटांचा आवाज यायला लागला. एक पायरी, दुसरी. काकासाहेबांनी खिडकीतून वाकून पाहिलं, कपाळ पुसलं, आणि टेबलाचा खण ओढला. तिन्ही पासपोर्ट तिथेच होते, रबर बँड लावलेले.

"आलो हवालदारसाहेब, पाच मिनटं!" ते जिन्यात ओरडले. बूट थांबले आणि परत खाली गेले.

काकासाहेबांनी पासपोर्ट टेबलावर टाकले, पण हात वरच ठेवला. गोडी संपली होती. "सूर्यभान, बापाचं ऐकून नशीब लाथाडू नका. पासपोर्ट इथं होते, खरंय. धंद्यात थोडं बोलावं लागतं. पण नोकरी खोटी नाही. फोरमन. हे कंपनीचं पत्र बघा, तुमचं नाव आहे यावर. सही करा, नाहीतर उद्या दुसऱ्याचं नाव. बोला."

पत्र खरं होतं. सूर्यभाननी ते दोनदा वाचलं. 'फोरमन' या शब्दावर त्यांचं बोट थांबलं, ते मी पाहिलं. पाहिलं नसतं तर फार बरं झालं असतं.

त्यांनी आप्पांकडे पाहिलं. "काय करू, आप्पा?"

"मला नको इचारू," आप्पा घोंगडी झटकत म्हणाले. "मी फक्त वाट इचारली. वाडा उठवायचा तर घोड्यावर ओझं बाई बांधती. तिनं गाठ मारली तर वाडा निघतो, नाय तर नाय. तुझ्या मायनं तीनदा गाठ मारली नव्हती, तवा थांबलोच की मी. बानीला इचार."

आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी आप्पांना बोलावलं होतं ते नेमकं यातून सुटायला. मनातल्या मनात 'नाही' म्हणणं किती सोपं होतं! आता ते सूर्यभानच्या तोंडावर, ते पत्र समोर असताना म्हणायचं होतं.

सूर्यभान खालच्या आवाजात म्हणाले, "बोल, बाने."

मला त्यांची दया आली. मला माझीही दया आली. मी जर हो म्हटलं असतं, तर आयुष्यभर आश्रित म्हणून त्यांच्यावर धुमसत राहिले असते, हे मला पक्कं माहीत होतं.

"नाय जायचं," मी म्हणाले. "मला माझं काम सोडायचं नाय. आन् परत यायची वाट ज्यानं त्यानं आपल्याच हातात ठेवावी."

"बरं," सूर्यभान म्हणाले. एवढंच. त्यांनी पत्र नीट घडी घालून टेबलावर ठेवलं, काकासाहेबांच्या हाताखालून पासपोर्ट ओढून घेतले आणि माझ्या हातात दिले.

आम्ही खाली उतरलो. सगळी गुलमंडी बंद झाली होती. रस्त्यावर पोलीस आणि आम्ही. आप्पा पुढे चालत होते, आम्ही दोघं मागे.  मला हवं ते झालं होतं, आणि मी पासपोर्ट पदराखाली घट्ट धरून चालत होते.

पैठण गेटाशी मला राहवलं नाही. "अहो, मला आधीच विचारलं असतं तर एवढं झालंच नसतं ना?"

त्यांनी चालता चालताच विचारलं,

"आधी इचारलं असतं तर काय म्हणली असतीस?"

"हेच. नाय म्हणले असते."

"म्हणूनच नाय इचारलं," ते म्हणाले. "आठ दिवस तरी फोरमन झालो होतो."