काळ्या मॉरिसच्या दारातली बाई

मुरिएल थ्रेलफॉल नावाची बाई जगात होऊन गेली याला पुरावे भरपूर होते. चेहऱ्याचा तेवढा नव्हता.

लग्नाचा फोटो एकच. चर्चच्या पायऱ्यांवर ऐन वेळी वारा सुटला आणि डोक्यावरची पांढरी जाळी नवरीच्या तोंडावर येऊन घट्ट बसली. फोटोग्राफरला दिसलं, नवऱ्याला दिसलं, मागे उभ्या असलेल्या दोन्हीकडच्या वऱ्हाडाला दिसलं. पण नवरीला तिच्याच लग्नात 'बाई गं, तुझं तोंड झाकलंय' असं सांगणार कोण? बरं दिसत नाही. सगळे छान हसले आणि फोटो निघाला. तेव्हापासून थ्रेलफॉलांच्या अल्बमात नवरदेव क्लिफर्ड थ्रेलफॉल एका मोठ्या फुलकोबीशेजारी अभिमानाने उभे आहेत.

पुढच्या फोटोंची काळजी मुरिएलने स्वतः घेतली. कॅमेरा दिसला की तिच्या तोंडासमोर काहीतरी यायचंच. टोपी, पिशवी, एकदा तर शेजाऱ्यांचं मांजर.

मुलगी हिलरी चार वर्षांची असताना मुरिएल न्यूमोनियाने गेली. हिलरीकडे उरलं ते एवढंच: ओल्या लोकरी कोटाचा वास आणि उकडलेलं अंडं सोलणारा एक हात. आता तिची साठी कधीच उलटून गेली होती. आपल्या निम्म्या वयाच्या त्या बाईचं तोंड एकदा बघावं, एवढीच तिची इच्छा होती. मरणाआधी वगैरे नाही, शक्यतो याच महिन्यात. कारण बिस्किटांचा डबा सापडला होता.

डब्यात फिल्मची रिळं होती. त्या शेवटच्या उन्हाळ्यात बाबांनी नव्या काळ्या मॉरिस मायनरमधून बायकोला आणि मुलीला यॉर्कशरचा सगळा किनारा फिरवला होता, त्याची. घरात त्यांचा विषय निघाला की बाबा दरवेळी म्हणायचे, "त्यात काही नाही, पोरी. गाडी आहे." गेल्या हिवाळ्यात बाबांची दुसरी बायको, म्हणजे हिलरीची बेरिलमावशी, वारली. तिचं आवरताना बॉयलरशेजारच्या कपाटात हा डबा निघाला. प्रत्येक रीळ धुवट, इस्त्री केलेल्या फडक्यात गुंडाळलेलं.

चालू स्थितीतला प्रोजेक्टर गावात एकट्या नॉर्मन ॲपलयार्डकडे होता. नॉर्मन म्हणजे जुन्या मोटारींच्या मंडळाचे अध्यक्ष. "दाखवतो की," ते म्हणाले, "पण मंडळाच्या मासिक सभेत. मूळ रंगातली मॉरिस आहे म्हणता, आमचे सभासद मला एकट्याला बघू देणार नाहीत."

अशा रीतीने मंगळवारी दुपारी, चर्चच्या सभागृहात, आईचं तोंड बघायला हिलरी वीसेक म्हाताऱ्या पुरुषांबरोबर बसली. शेजारी गुडघ्यांवर घोंगडी घेऊन ब्याण्णव वर्षांचे बाबा. मागच्या टेबलावर चहाचं मोठं भांडं हळूहळू गरम होत होतं.

फिल्म सुरू झाली. व्हिटबी गावातली गाडी. मग व्हिटबीचीच गाडी, दुसऱ्या बाजूने. मग कड्यावर गाडी. गाडीमागे चुकून समुद्र.

"वा! काय बंपर आहे!" पुढच्या रांगेतून आवाज आला.

"आणि मधे माणसं नाहीत हे फार बरं केलं," दुसरा म्हणाला. "आमच्या वडिलांच्या फिल्ममधे सगळीकडे आमची आईच. गाडी शोधावी लागते."

हिलरीने खुर्ची थोडी पुढे ओढली. स्कारबरोला खिडकीतून एक कोपर बाहेर आलं. तिने पुढे वाकून त्या कोपराकडे डोळे भरून बघितलं. चांगलं कोपर होतं. पण कोपरच.

मग पाऊस. आता कॅमेरा गाडीच्या आत होता. समुद्राकडे तोंड करून गाडी उभी, काचा बंद, वायपर चालू. एक हात थर्मासच्या झाकणात चहा ओततोय. सभागृहातले सगळे एकदम लहान झाले. आपापल्या आईबापांच्या मागच्या सीटवर जाऊन बसले असावेत.

"उघडेल आता," अंधारात कुणीतरी सवयीने म्हणालं.

"पश्चिमेकडे जरा उजळलंय," दुसऱ्याने साथ दिली.

उघडलं नाही. चार वर्षांची हिलरी स्वतः येऊन गेली, नाकाला आइस्क्रीम लावून. मग पुन्हा गाडी. फाइली नावाच्या गावातली गाडी, पावसानंतरच्या उन्हात, बुटासारखी चमकणारी. शेवटचं रीळ संपत आलं होतं. बाबांनी इतकी वर्षं खरं तेच सांगितलं होतं. गाडी आहे. हिलरीने पर्समधला रुमाल शोधायला घेतला.

"अध्यक्ष, एक तक्रार आहे," डेनिस ओगल उठले. मंडळाच्या प्रत्येक सभेत त्यांची एक तक्रार असे, ती झाल्याशिवाय सभा झाली असं कुणाला वाटत नसे. "पॉलिश उत्तम. पण दारात सारखी एक बाई येतेय. मूळ रंग धड बघू देत नाही."

"कुठल्या दारात?"

"डाव्या. मघाशी व्हिटबीला चाकाच्या झाकणात होती. मी म्हटलं, असेल एखादी, जाईल. पण नाही गेली. आणि आता तर जीभ दाखवली तिने. मला."

हिलरीने मान वर करेपर्यंत फिल्मचं शेपूट फडफडलं आणि भिंत पांढरी झाली.

ती उभी राहिली. "परत लावा."

नॉर्मननी हातातला कागद बघितला. "हिलरी, मी लगेच लावलं असतं. पण कार्यक्रमात आता चहा आहे."

सगळ्यांनी मागे बघितलं. चहाच्या भांड्यातून वाफ येत होती. परिस्थिती गंभीर होती. चहा पुढे ढकलण्याचा ठराव मंडळात पूर्वी एकदाच आला होता, आणि तो मांडणाऱ्याला शेवटी दुसऱ्या गावी राहायला जावं लागलं होतं.

"ठराव मांडायला हवा," नॉर्मन म्हणाले. "आणि सभासदानेच. तुम्ही पाहुण्या."

"मी मांडतो," डेनिस ओगल म्हणाले. "दार परत बघावं. तक्रार मात्र मागे घेत नाही."

सभासदांची कुजबुज चालू असताना हिलरी बाबांकडे वळली. "बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

"काय?"

"ती दारात आहे."

"म्हणजे काय!" बाबा म्हणाले. "तिच्यासाठीच तर रोज सकाळी ते दार घासून आरशासारखं करायचो. हात दुखून यायचे. मला काय गाडीचं कौतुक होतं?"

साठ वर्षं अख्ख्या खानदानाने त्यांच्या गाडी घासण्याची टिंगल केली होती. हिलरीने सगळ्यात जास्त.

"समोर उभी राहायची नाही," बाबा सांगत होते. "मग मी म्हणायचो, जा, मी गाडीचीच फिल्म काढतो. मग येऊन माझ्याच शेजारी उभी राहायची, मला वेड्यात काढायला. दारात दोघं दिसायचो. फाइलीला तिला पत्ता लागला. मला वाटलं, आता चिडणार."

"चिडली?"

"बघ ना आता. मी कशाला सांगू?"

"पण इतकी वर्षं का नाही सांगितलंत?"

बाबांनी घोंगडी सारखी केली. "बेरिलच्या घरात मुरिएलला भिंतीवर फिरवायची? बरं दिसलं असतं का?" मग म्हणाले, "डबा माळ्यावर होता. ओल लागेल म्हणून बेरिलनेच खाली आणला, बॉयलरशेजारी. दर नाताळात फडकी बदलायची. आत काय आहे ते विचारलं नाही कधी."

"तिला कळलं असेल?"

"त्या बाईला सगळं कळायचं."

हिलरीला ती इस्त्रीची फडकी आठवली. बेरिलमावशीचे आभार मानायला आता फार उशीर झाला होता, पण तिने मनातल्या मनात मानले. मावशीनेही ते मनातल्या मनातच घेतले असते. जाहीर आभारांनी तिला पुरळ उठायचं.

"ठरावाच्या बाजूने?" नॉर्मननी विचारलं. सगळे हात वर. चहा ओतणाऱ्याचासुद्धा.

"चित्र थांबवता येणार नाही हं," नॉर्मन म्हणाले. "थांबवलं तर दिव्याने फिल्म जळेल. येईल तसं बघून घ्यायचं."

फाइलीची गाडी पुन्हा उन्हात उभी राहिली. या वेळी बंपरकडे कुणी बघितलं नाही. काळ्या दारात समुद्र होता, ढग होते, डोळ्याला कॅमेरा लावलेला एक सडपातळ तरुण होता आणि त्याच्या शेजारी एक बाई. वाऱ्याने तिचा रुमाल उडवला. केस धरायला तिने दोन्ही हात डोक्यावर दाबले, पाटी घेतल्यासारखे. मग तिला दारात स्वतःचं तोंड दिसलं. क्षणभर ती तशीच थबकली. हसली. पोट धरून, वाकून हसली. जीभ काढली. आणि हात हलवला, इकडे, सगळ्यांकडे.

"अगं बाई," हिलरी म्हणाली. तिचे दोन्ही हात स्वतःच्या डोक्यावर होते. ते तिथे कधी गेले, तिला माहीत नव्हतं. सभागृहात वाराही नव्हता.

भिंत पांढरी झाली. चहाकडे कुणी वळलं नाही.

"पुन्हा बघण्याचा ठराव," डेनिस ओगल म्हणाले. "मला रंग अजून नीट दिसला नाही."

अनुमोदनं इतकी आली की चिटणिसाने कुणाचंच नाव लिहिलं नाही. रीळ गुंडाळलं गेलं आणि पुन्हा लागलं. मागे चहा उकळून उकळून काढा झाला. तो नंतर सगळ्यांनी निमूट प्यायला आणि छान झालाय म्हणून सांगितलं.

दारातल्या बाईने पुन्हा हात हलवला. बाबांचा हातही वर गेला.

दिवे लागले तेव्हा तो वरच होता. चिटणिसाने तो बघितला. बाबा मंडळाचे सभासद नव्हते, मताचा त्यांना अधिकार नव्हता, आणि त्या वेळी कुठलाही ठराव चालू नव्हता. पण हात खाली घ्या म्हणून त्यांना कुणी सांगितलं नाही. नॉर्मननी पुढे वाकून हळूच दिवे पुन्हा घालवले.