दुसरी बाजू

मोठ्यानं वाचल्याशिवाय माझ्या काही लक्षात राहत नाही. सत्त्याण्णव साली मी वकिलीच्या शेवटच्या वर्षाला होते. पंचवटीतल्या आमच्या दोन खोल्यांत पहाटेपासून माझी घोकंपट्टी चालायची, कधी राज्यघटनेचा इतिहास, कधी नैसर्गिक न्यायाची तत्त्वं. माझे वडील, अण्णा, यात्रेकरूंचे विधी करायचे. "तुझ्या एकोणीसशे पस्तीसच्या कायद्यापायी माझं पुरुषसूक्त चुकतं," म्हणून ते रोज करवादायचे. मी आवाज कमी केला नाही.

एप्रिलात मनमाडचं स्थळ आलं. मुलाचे काका चहा घेता घेता म्हणाले, "मुहूर्त मेमधलाच धरू. परीक्षा काय, पुढच्या वर्षी देईल."

मी आत कपबशा विसळत होते. अण्णांचा होकार कानावर पडायला नको, म्हणून मी नळ मोठा सोडला.

तरी अण्णांचा आवाज आलाच. "ही एक बाजू झाली. दुसरी ऐकल्याशिवाय निकाल देता येत नाही. तीन वर्षं रोज पहाटे हेच ऐकतोय मी. आभा, बाहेर ये."

मी हात पुसत बाहेर आले.

"बस," अण्णा म्हणाले. "आणि मोठ्यानं बोल."