एल्डनचं काडतुसांचं यंत्र

एल्डन ब्रेक्केच्या मुलीने बापाचं गॅरेज रिकामं करायला काढलं, त्या शनिवारी आर्डिस क्वामी तिथे गेली ती लोणच्यासाठी बरण्या मिळतात का ते बघायला. परतली तेव्हा तिच्या पिकअपच्या हौद्यात काडतुसं भरायचं एक गंजकं यंत्र आडवं पडलं होतं.

"बरण्या?" नवऱ्याने, नॉरिसने, दारातूनच विचारलं.

"नव्हत्या."

"आणि हे काय आणलंस? नांगराचा फाळ?"

"एल्डनचं यंत्र आहे."

नॉरिसने खाली वाकून बघितलं आणि हलकेच शीळ घातली. मोंटानातल्या त्या एवढ्याशा गावात एल्डनचं यंत्र नेमबाजी क्लबातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. दांडा ओढला की तबकडी एक घर पुढे सरकायची. एका घरात उडालेल्या काडतुसाच्या रिकाम्या पुंगळीला ठिणगी पाडणारी नवी टोपी बसायची, पुढच्यात बंदुकीची दारू पडायची, त्याच्या पुढच्यात गोळी बसायची. दर ओढीला एक तयार काडतूस डब्यात टणकन पडायचं.

आर्डिसने उभी हयात हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ सारायची गाडी चालवली. रविवारच्या पिस्तुलाच्या सामन्यांत मात्र ती कायम एल्डनच्या मागे. "आर्डिस, तू आपली बर्फच ढकल," असं तो सगळ्यांसमोर म्हणायचा आणि वर तिलाच कॉफी आणून द्यायचा. मग काही वर्षांपूर्वी तो अचानक यायचा बंद झाला. विचारलं तर म्हणाला, कंटाळा आला. आर्डिसला याचा फार राग होता. एकदाही हरवू न देता माणूस उठून जातो म्हणजे काय!

गॅरेजचं छत गळकं होतं. यंत्राचा मधला दांडा जागच्या जागी गंजून बसला होता. आर्डिसने आधी दारूची नळी उघडून जुनी, गोळे झालेली दारू काढून टाकली. मग एकेक भाग सुटा केला, प्रत्येक टप्प्याला फोटो काढला, आणि सगळा पसारा रॉकेलमध्ये बुडवायला नॉरिसचं केक भाजायचं भांडं घेतलं.

"ते माझं भांडं आहे," नॉरिस म्हणाला.

"होतं."

आठवडाभर घरात रॉकेलचा वास होता. तारेच्या घासणीने, जुन्या टूथब्रशने ती गंज काढत राहिली. लाल थर गेला की खालचं पोलाद करडं, गुळगुळीत दिसायचं, आणि तिला उगाच हसू यायचं. दोन स्प्रिंगा नव्या मागवल्या. शेवटी यंत्र ओट्याला घट्ट आवळलं, दारू न घालता रिकाम्या पुंगळ्या लावल्या आणि दांडा ओढला.

कर्रर्र. पुंगळीचं तोंड साच्याच्या कडेला अडकून चेपलं.

तबकडी दर वेळी केसभर अलीकडेच थांबत होती. आर्डिसने पेच सैल केला, आवळला, पुन्हा सैल केला. चेपलेल्या पुंगळ्यांचा ढीग वाढत गेला.

"त्याला फोन कर," नॉरिस म्हणाला.

"मेले तरी करणार नाही."

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर तिने फोन केला.

एल्डनला त्याच्या मुलीने गाडीतून आणून सोडलं. तो दारातून आत आला तो चौकटीला हात लावत, आणि बसण्याआधी त्याने खुर्चीची पाठ चाचपली. आर्डिसने ते पाहिलं.

"तबकडीचा पेच जास्त आवळलास तू," तो म्हणाला.

"नाही आवळलेला."

"बायकांना वाटतं..."

"एल्डन, मी बारा टनांची गाडी घाटात चालवलीय. पेच ठीक आहे."

तो हसला. मग त्याने दांडा हळूच ओढला, मान कलती करून ऐकलं, परत ओढला. "टिक कुठे गेली?"

"कसली टिक?"

"तबकडी जागेवर आली की टिक वाजायची. आता नुसतीच घासत जातेय."

आर्डिसने तबकडी उचलली. खाली जुनं ग्रीस वाळून गुळाच्या पाकासारखं घट्ट झालं होतं. ते धातूचंच आहे असं समजून तिने तो कोपरा घासलाच नव्हता. सुईने खरवडल्यावर आत तबकडीला जागेवर अडवणारी मुगाएवढी पोलादी गोटी सापडली. तिच्याखालच्या स्प्रिंगेसकट ती पार रुतून बसली होती. ती धुऊन, पुसून परत बसवली.

टिक.

"हां!" एल्डनने मांडीवर थाप मारली.

"आता सांग," आर्डिस म्हणाली, "एवढं जीव लावलेलं यंत्र पावसात का टाकलंस?"

तो दांड्याची मूठ पुसू लागला. "दारू किती पडली ते पुंगळीत डोकावून बघावं लागतं. मला समोरचं मधोमध काही दिसतच नाही आता. एखादीत दुप्पट पडली असती तर? हातात पिस्तूल फुटलं असतं. एकदा वाटलं, सवयीने जमेल. बसलोही. मग भीती वाटली आणि उठलो."

"आणि आम्हाला सांगितलंस कंटाळा आला."

"आंधळा झालो असं सांगायचं होतं तुला? तू तर नाचलीच असतीस."

"थोडीशी नाचले असते," आर्डिस म्हणाली. तिचा आवाज मात्र मऊ होता. तिने दिवा वाकवून पुंगळीच्या तोंडावर आणला, दारूचं वजन काट्यावर पुन्हा पुन्हा तपासलं आणि त्याचा हात मुठीवर ठेवला. "तू ओढ. मी बघते. मी 'हं' म्हटल्याशिवाय ओढायचं नाही."

"तुझा हुकूम मी ऐकायचा?"

"हो."

टिक. "हं." टिक. "हं." एल्डनचा हात एका लयीत चालत होता, घाई नाही, झटका नाही. तिचे दोन्ही डोळे त्या छोट्या तोंडावर खिळलेले. एकदा ती "थांब" म्हणाली. त्या पुंगळीत दारू कमी होती. ती काढून बाजूला ठेवली, वजन पुन्हा तपासलं, आणि मग परत टिक, हं. नॉरिसने ॲपल पाय आणून ठेवला होता, तो तसाच राहिला.

पुढच्या रविवारी एल्डन क्लबात आला. घडीच्या खुर्चीत आर्डिसच्या मागे बसून त्याने तिचा प्रत्येक बार ऐकला. एकही काडतूस फुसकं निघालं नाही. "सगळे बार एका आवाजात बोलले," तो म्हणाला, आणि आजूबाजूचे लोक त्याच्या पाठीवर थापा मारू लागले.

सामना संपल्यावर सगळे सॉसेजच्या जेवणाकडे वळले. आर्डिस गवतात पडलेल्या पुंगळ्या पुन्हा भरण्यासाठी वेचायला बसली. एल्डनही गुडघे टेकून खाली बसला आणि तळव्यांनी गवत चाचपू लागला. ऊन लागून पुंगळ्या गरम झाल्या होत्या.

"जेवण गार होतंय!" नॉरिस ओरडला.

"होऊ दे," एल्डन म्हणाला, आणि आणखी एक पुंगळी त्याने आपल्या टोपीत टाकली.